धोंडुबाईचा बंब

जत तालुक्यातल्या त्या वाडीत तांब्याचा बंब एकाच घरी होता. एकाहत्तरच्या लढाईतून नानासो कंबर मोडून परतला, तेव्हा सांगलीच्या पेठेतून त्यानं तो आणला. पहाटे कढत पाण्याचा शेक बसला की त्याला उभं राहता येई. मग तो दुष्काळी कामावर खडीचे ढीग मोजायला जाई. शेक चुकला की दिवसभर वाकळेवर.

रानात काटकी उरली नव्हती. चुलीला लाकूड कुठलं? बंब मात्र लेंड्यांवर, कणसांच्या बुरकुंडांवर, केरकचऱ्यावरही तापे. म्हणून नानासोची बायको धोंडुबाई बंबाला तळहातावरच्या फोडासारखं जपे.

बाजारातल्या तांबटानं तिला बजावलं होतं, "बाई, तुमचा आड मचूळ हाय. आतनं खार धरंल. अवसेला चिंचंचं पाणी घालून खळबळून काढत जावा. राख रोज उपसा. आन पाणी नसताना खाली इस्तू ठेवलासा, तर जोडाचा डाख वितळून सांधा उकलला म्हणून समजा."

चिंच मिळेना, तेव्हा तिनं आमटीतली बंद केली.

"माणसानं आळणी गिळावं आन बंबानं आंबट प्यावं!" सासू बयाबाई म्हणाली. "डोहाळं लागल्यात जणू त्याला!"

नानासो खदखदून हसला आणि लगेच कंबर धरून बसला.

त्या दिवशीही शेक देऊन, बंब पुन्हा काठोकाठ भरून धोंडुबाई नवऱ्यामागं खडीवर गेली. खाली इस्तू धुमसत होता. टँकर आला नव्हता, आडाचा तळ दिसत होता. घरच्या मेंढरांच्या खांडातली उरलेली एकच मेंढी दारात कोसळली, जीभ बाहेर. तहानलेलं जनावर बयाबाईनं जन्मात दारातनं परतवलं नव्हतं. पाणी अजून कोमटच होतं. तिनं बंबाची तोटी सोडली, घमेल्यामागून घमेलं भरलं. इस्तवाचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी धोंडुबाईनं बंबात घागर ओतली. पाणी सगळं खालच्या राखेत गेलं.

"आत्याबाई, इस्तू तरी वढायचा व्हता."

"मेंढी मरत व्हती गं."

"जगली?"

"न्हाई."

धोंडुबाई बंब डोक्यावर घेऊन बाजारात गेली. तांबटाच्या दुकानाला कुलूप होतं. तो बायकापोरांसह मुंबईकडं पोटाला गेला, असं शेजाऱ्यानं सांगितलं.

घरची खाट फोडून तिनं काही दिवस चुलीवर पाणी तापवलं. मग फोडायला काही राहिलं नाही. नानासो भिंतीला धरून उठू लागला आणि अर्ध्यातच खाली बसला. ढीग मोजायला मुकादमानं दुसरा माणूस घेतला.

बयाबाई लेकाच्या उशाशी सरकली. तळहात एकमेकांवर घासून तिनं त्याच्या कमरेवर ठेवले.

"ऊब लागती का रं?"

"लागती की," तो म्हणाला. उठला मात्र नाही.

धोंडुबाई हातोडा घेऊन एकटीच खडीवर गेली.