शेजाऱ्याचा पासवर्ड

नवागामात माझ्या शेजारी राहणारा हा माणूस पांडेसरा भागातल्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये काम करतो आणि सुटीच्या दिवशी ओट्यावर बसून मोबाइलवर लढाईचा गेम खेळतो. मागे त्याचं अकाउंट हॅक झालं आणि वर्षानुवर्षं खेळून कमावलेलं सगळं गेलं. तेव्हापासून पासवर्ड टाकताना तो बायकोकडेही पाठ फिरवतो.

अपेंडिक्सच्या ऑपरेशनला नेताना मात्र त्याने मला जवळ ओढून नवा पासवर्ड कानात सांगितला.

"मला काही झालं तर हिला सांगजो. तोवर कोणालाच नको, भाऊ."

शुद्धीवर आल्याआल्या त्याने मोबाइल मागितला आणि माझ्यासमोरच पासवर्ड बदलला.

"राग नको मानू," तो म्हणाला. "तू बी माणूसच ना."

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.