बाचं इंजिन, माझी गाडी

मी गाडी घेतली ती रंग पाहून. आता लपवून काय करायचं? यवतमाळात एका कचेरीच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता. तिथं ती पांढरी पिकअप उभी होती, दारं घट्ट लागणारी, हौद्याला एक पोचा नाही. मी तेव्हा बोरी अरबजवळच्या एका शाळेत मास्तरीण होते. दिवसभर पोरांच्या चुका काढायच्या, म्हणून आपल्याला सगळंच कळतं असा माझा समज. बोली लावली, गाडी घेतली, आमच्या तांड्यावर आणली. शेजारच्या काकांनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, मास्तरीणबाई, हे तर पेट्रोल पिते. भाड्यानं चालवायची गाडी आणि तीही पेट्रोलवर! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. तांडा आठ दिवस हसत होता आणि मी आठ दिवस कोणाशी धड बोलत नव्हते.

गाडी घेतली होती बासाठी. बा म्हणजे माझा बाप. वीस वर्षं त्यानं एक डिझेल जीप चालवली. कापसाचे बोजे, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाया, शेळ्या, सगळं तिच्यातून गेलं. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरायचे, त्याला आम्ही लदेणी म्हणतो. बा म्हणायचा, मी बी लदेणीच करतो, फक्त माझा बैल डिझेल पितो. मग एका हिवाळ्यात दारव्हा रस्त्यावर जीपची चेसिस तडकली. पत्रा तर आधीच सडलेला. आरटीओनं पासिंग नाकारलं. जीप आमच्या दारात उभी राहिली आणि बा तिच्यासमोर बाजेवर बसला.

तो नुसता बसला असता तर काही नव्हतं. तो बोलेनासा झाला. ती वर्षं कशी होती हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कापसाला भाव नव्हता, बोंडात अळी होती, जिनिंगच्या फाटकावर गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या राहायच्या आणि पेपर उघडायची भीती वाटायची. आमच्यावर तशी वेळ नव्हती, माझा पगार होता. पण त्या वर्षांत घरातला माणूस गप्प झाला की बाया आधी फवारणीचं औषध कुठं ठेवलंय ते पाहायच्या. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, गोठ्यातला तो डबा उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवला. मला सांगितलं नाही. मला शेजारणीकडून कळलं, आणि मग मी त्या लिलावाला गेले. बाला पुन्हा स्टेअरिंगमागे बसवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पेट्रोल की डिझेल हे विचारायचं राहून गेलं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक मिस्त्री होते. मी रडकुंडीला येऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पिकअप पाहिली, मग तांड्यावर येऊन जीप पाहिली. जीपचं इंजिन सुरू करून कान लावला. म्हणाले, इंजिन म्हातारं पण खणखणीत, गाडी तरणी पण खर्चिक, लावून टाकू दोघांचं लग्न. मी बाकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"माझंच बसवान ना?"

माझंच म्हणजे त्याच्या जीपचं इंजिन. मिस्त्री हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बानं दाढी केली.

आता तुम्हाला वाटेल, एक काढायचं अन् दुसरं ठेवायचं, त्यात काय मोठं. मलाही तसंच वाटलं होतं. चेनकप्पीनं पेट्रोलचं इंजिन वर उचललं तेव्हा ते किती लहान निघालं! बाचं इंजिन त्याच्या दीडपट, काळंकुट्ट, वीस वर्षांच्या तेलानं माखलेलं. ते त्या जागेत मावेना. त्याचे पाय नव्या चेसिसवर बसेनात, म्हणून ते तोडून पुन्हा जोडले. गिअरबॉक्सशी त्याची भोकं जुळेनात, म्हणून लेथवर जाड लोखंडी प्लेट करून मध्ये घातली. रेडिएटर मोठा लावला तर बॉनेट लागेना. शेवटी बॉनेटला मधोमध उंचवटा काढला. आजूबाजूच्या शेडमधले लोक चहा घेऊन बघायला यायचे आणि नाकापेक्षा मोती जड म्हणून जायचे. मिस्त्री ऐकून घ्यायचे. मी ऐकून घेत नव्हते.

बा रोज यायचा. डिझेलच्या रिकाम्या ड्रमवर बसायचा, तंबाखू मळायचा. मी शाळा सुटली की पोहोचायचे आणि पोहोचल्या पोहोचल्या हुकूम सोडायचे. ही वायर इकडून काहून घेतली, तो नट ढिला काहून. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गाडी माझी होती ना! बा मध्येच उठून काही सांगायला तोंड उघडायचा आणि मी म्हणायचे, "बा, तू बस. आम्ही पाहतो." असं मी किती वेळा म्हटलं असेल, मोजवत नाही. तो बसायचा. आज ते आठवलं की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी तयार झाली. मिस्त्रींनी पाइपांतली हवा काढली, हीटर गरम केला, मला म्हणाले, तुमची गाडी, तुम्हीच मारा चावी. मी मारली. दोन आचके आले, भसकन काळा धूर निघाला आणि इंजिन लागलं. तोच आवाज, लहानपणी अंगणात ऐकलेला. शेडमधल्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री पेढे आणायला नाक्यावर गेले. मी ऐटीत चावी काढली, पर्समध्ये टाकली आणि खाली उतरले.

इंजिन चालूच.

मी परत चढले. चावी घातली, फिरवली, काढली. चालूच. कोणीतरी म्हणालं बॅटरीची तार काढा. ती काढली. चालूच, अगदी मजेत. लोक हसायला लागले आणि मला घाम फुटला. पिकअप पेट्रोलची, तिची चावी काढली की सगळं बंद, म्हणून बंद करायची वेगळी सोय तिच्यात कधी नव्हतीच. आणि हे इंजिन जुन्या काळचं. एकदा लागलं की त्याला विजेची गरजच नाही. त्याचं डिझेल तोडलं तरच ते थांबणार. ही गोष्ट मिस्त्री घाईत विसरले, माझ्या ध्यानातच आली नाही.

बा ड्रमवरून उठला. सावकाश आला, बॉनेटखाली हात घातला आणि पंपाची एक लहानशी कळ बोटानं मागे ओढली. इंजिन थांबलं. मग त्यानं बंडीच्या खिशातून सागाची एक मूठ काढली, हातानं कोरलेली, वापरून गुळगुळीत झालेली. तिला तार गुंडाळलेली होती. जीपमध्ये ही मूठ ओढली की गाडी बंद व्हायची, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. तीन आठवडे ती त्याच्या खिशात होती.

"मले कोनं इचारलंच नाई," तो म्हणाला.

रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते. पण तो तसा सहज म्हणाला आणि मी सगळ्यांसमोर रडले. मिस्त्री पेढे घेऊन आले तेव्हा बा पिकअपच्या डॅशबोर्डला भोक पाडायला ड्रिल मागत होता.

संध्याकाळी तोच गाडी चालवत तांड्यावर आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात. बानं बॉनेट उघडून इंजिनाला हळद-तूप चोळलं आणि त्याच्या कानाशी, म्हणजे तो कान कुठं मानत होता कोण जाणे, वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." याडी पदर तोंडाला लावून हसत होती. पोळा झाला आणि तिनं तो फवारणीचा डबा शेजारून परत आणून गोठ्यात ठेवला.

मग त्यानं पुढची कितीतरी वर्षं ती गाडी चालवली. कापसाची भाडी पूर्वीसारखी राहिली नव्हती. भाजी न्यायचा, बियाण्याची पोती आणायचा, दवाखान्याची माणसं पोहोचवायचा. दारव्हा रस्त्याला गाडी वळली की याडी चुलीवर तवा टाकायची, इतका तो आवाज आमचा होता. मलाही त्यानंच चालवायला शिकवलं. मी घाईत चावी आधी काढली की चिडायचा. आधी मूठ, मग चावी, असं दर वेळी म्हणायचा. मास्तरणीला शिकवताना त्याला फार बरं वाटायचं आणि मी मुद्दाम कधीकधी चुकायचे. ते दिवस मला अजून हवेत, साफ सांगते.

एका उन्हाळ्यात दुपारी तो भाडं सोडून घरी आला. चावी खुंटीला लावली, हातपाय धुतले, पाटावर बसला. याडीनं भाकरी वाढली. त्यानं घास मोडला आणि बाहेर कान देऊन विचारलं, "दारात कोनाची गाडी चालू हाये व?"

याडीचा हात टोपलीवरच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उठले.

"बा, तू बस. मी पाहते."

बाहेर उन्हात आमचीच पिकअप उभी होती, मूठ न ओढलेली, बॉनेट थरथरत होतं. मी दार उघडून आत बसले. मूठ धरली, पण लगेच ओढवेना. थोडा वेळ नुसतं ऐकत राहिले. मग ओढली, डोळे पुसले, आत गेले आणि सांगितलं की गेली ती गाडी, रस्ता चुकली होती.

"ज्याची असंल त्याची," बा म्हणाला, "इंजिन चांगलं ठेवलं त्यानं." आणि जेवायला लागला.