माझ्या बापासारखा दिसणारा नट

माझा मुलगा रायपूरहून सुट्टीला घरी आला तेव्हा त्याच्या टी-शर्टवर माझ्या बापाचं तोंड होतं. दार मीच उघडलं. आधी वाटलं, पोरानं आजोबांचा जुना फोटो छापून घेतला, आणि क्षणभर बरंही वाटलं. मग खालची अक्षरं वाचली. 'हुकुम, मालिक.'

"काढ ते," मी म्हटलं.

"मम्मी, आत तर येऊ दे."

"आधी काढ, मग आत ये."

तो हसला. मी थट्टा करते आहे असं त्याला वाटलं. बॅग खाली ठेवून त्यानं छाती पुढं काढली आणि तो मला समजावायला लागला, की हा माणूस लेजेंड आहे, अंडररेटेड आहे, रायपूरला आपल्या ग्रुपचे सगळे लोक हाच टी-शर्ट घालतात. "तुले नाही समजत. कल्ट है ये."

मला समजत होतं. या नटाबद्दल माझ्यापेक्षा जास्त कोणाला समजत असेल असं मला वाटत नाही.

आमच्या लहानपणीच्या हिंदी सिनेमांत हा खलनायकाच्या हाताखालचा माणूस असायचा. मोठा खलनायक गोरापान, सुटातला. हा काळा, रुंद जबड्याचा, गालभर देवीचे वण, डोळे तांबारलेले. मालकाच्या मागं उभं राहायचं, मालकानं बोट दाखवलं की 'हुकुम, मालिक' म्हणायचं, कोणाला तरी उचलून आणायचं आणि शेवटी हीरोच्या हातचा मार खायचा. एवढंच त्याचं काम. पडद्यावर त्याचं नाव आलंच तर सगळ्यांच्या खाली यायचं, आणि तेव्हा लोक अंधारात आपल्या खुर्च्या शोधत असायचे.

माझे बाबा भंडाऱ्याकडच्या खेड्यातून भिलाईत आले आणि स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्टीवर, लागले. त्यांचाही जबडा तसाच, लहानपणी देवी येऊन गेलेल्या, आणि भट्टीच्या धुरानं डोळे कायम लाल. त्या नटाचा एक सिनेमा चालला आणि बाबांचं नाव गेलं. त्यानंतर शिफ्टमध्ये त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही. फोरमन बोट दाखवायचा आणि वाट बघायचा. बाकीचे म्हणायचे, "अरे बोल ना एक बार!" सायकलवरून क्वार्टरला येताना नाक्यावरची पोरं ओरडायची. भाजीवाला ओरडायचा. सगळे अगदी प्रेमानं ओरडायचे.

बाबांनी ते दोन शब्द कधी उच्चारले नाहीत. आमचं बौद्धांचं घर. बाबांचे वडील गावच्या मालगुजारासमोर मान खाली घालून 'जी मालक' म्हणत जगले, आणि तेच म्हणावं लागू नये म्हणून बाबांनी गाव सोडलं होतं. फोरमनला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ठाऊक असतं तर तो थांबला असता, असंही मला वाटत नाही.

आमच्या सेक्टरमध्ये मैदानावर पांढरा कपडा बांधून सिनेमे दाखवायचे. घरोघरचे लोक संध्याकाळी सतरंज्या घेऊन जागा धरायचे. मी सातवीत असेन. त्या दिवशी तोच सिनेमा होता. आईला जायचं नव्हतं, पण बाबा म्हणाले, चला. सिनेमा मध्यावर आला आणि हीरोनं त्या माणसाला गळा धरून उभं केलं आणि थोबाडीत मारायला सुरुवात केली. पहिल्या थपडीला लोक पडद्याकडं बघत होते. दुसरीला पुढच्या रांगेतला एक जण मागं वळला. मग सगळेच वळले. पडद्यावर थप्पड बसायची आणि मैदानातले लोक माझ्या बापाकडं बघून टाळ्या वाजवायचे. माझ्या मैत्रिणी, त्यांच्या आया, बाबांच्या शिफ्टचे लोक, सगळे. आई माझा हात धरून उठली. बाबा उठले नाहीत. आम्ही घरी आलो, आणि ते सिनेमा संपल्यावर सतरंजी घडी करून खांद्यावर टाकून आले.

"उठून कावून नाही आले?" आईनं विचारलं.

"मी उठलो असतो तर त्यायले वाटलं असतं, मलेच मारलं."

दुसऱ्या दिवशी शाळेत एका मुलीनं माझ्यापुढं वाकून ते दोन शब्द म्हटले. मी तिला कंपासपेटीनं मारलं. भुवईला खोक पडली. आजही ती सिविक सेंटरच्या बाजारात दिसली की मी आधी तिची भुवई बघते. वण आहे. मला त्याचं काहीही वाईट वाटत नाही.

तर हे सगळं माझ्या मुलाला मी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी दारात सांगावंसं वाटलं नाही. मी फक्त म्हटलं, "तुझे आबाजी आत आहेत. त्यांच्यासमोर हे घालून जाशील तर आज जेवण मिळणार नाही." त्यानं तोंड वाकडं करून वरून शर्ट चढवला. आम्ही आता भिलाईतच रुआबांध्याला राहतो, बाबा माझ्याकडेच असतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली.

पण पोरगा गप्प बसणारा नाही. त्याच्या ग्रुपच्या भिलाईतल्या पोरांनी रविवारी दुपारी सिविक सेंटरमधल्या एका कॅफेत तो सिनेमा लावायचं ठरवलं होतं, आणि त्यानं मला न विचारता थेट आबाजींना आमंत्रण दिलं. मला ते स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"आबाजी, तुमी आमचे चीफ गेस्ट. सगळे शॉक होतील तुमाले पाहून."

मी हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आले. "ते कुठंही येणार नाहीत."

"येतो ना," बाबा म्हणाले.

"कायले?"

"पाहाले."

"तुमाले माहीत आहे का, कोणता सिनेमा आहे?"

"माहीत आहे," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

ऑटोत मी त्यांच्याशी बोलले नाही. मुलगा पुढं बाइकवर गेला होता. कॅफे वरच्या मजल्यावर. बाबांना जिना चढायला वेळ लागला, आणि मी दार ढकललं तेव्हा आतल्या प्रत्येक खुर्चीवर माझा बाप बसलेला होता. कागदी मुखवटे. त्या नटाचा चेहरा छापून, डोळ्यांच्या जागी भोकं पाडून, रबर लावून प्रत्येकाला दिलेला. मुखवट्यांखाली लिपस्टिक, कोवळ्या दाढ्या, कॉफीचे मग. सगळे आमच्याकडं वळले. एकदम आरडाओरडा, आणि सगळ्यांचे फोन वर. "अरे सेम टू सेम!" कोणीतरी ओरडलं. मग सगळ्यांनी मिळून ते दोन शब्द म्हटले. माझ्या मुलानंही. त्याच्याही तोंडावर मुखवटा होता, पण आवाज मी ओळखला.

बाबा पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी त्यांच्या शेजारी बसले.

सिनेमा सुरू झाला. वाईट सिनेमा होता, आणि या पोरांना तो वाईट आहे म्हणूनच आवडत होता. हीरो नाचला की हसायचे, हिरॉइन रडली की हसायचे, आणि तो पडद्यावर आला की घोषणा द्यायचे. वाईट गोष्टीवर असं प्रेम करणारे लोक मला कळत नाहीत. आवडत नसेल तर उठून जावं, आवडत असेल तर नीट बघावं. हे दोन्ही करत नव्हते.

मी मात्र तो सिनेमा पहिल्यांदाच नीट बघत होते. आणि एक वाईट गोष्ट माझ्या लक्षात आली. तो नट चांगला होता.

एक प्रसंग होता. मालक त्याच्या खांद्यावरचा गमछा ओढून त्यानं चिखलाचे बूट पुसतो आणि गमछा त्याच्या अंगावर फेकतो. तो गमछा झेलतो, परत खांद्यावर टाकायला हात उचलतो, आणि तो हात मधेच थांबतो. थोडासाच. मग तो गमछा बाजूला ठेवून देतो. पोरांना यात ओरडण्यासारखं काही सापडलं नाही, तेव्हा ती आपापसांत बोलत होती. मला ते दिसलं आणि माझा संताप झाला. इतकी वर्षं मी त्याचा द्वेष केला होता तो फडतूस नट समजून. त्याला सगळं कळत होतं. कळत असून त्यानं तेच काम पुन्हा पुन्हा केलं, आणि त्याची किंमत माझ्या बापानं कोक ओव्हनमध्ये मोजली.

मग तो थपडांचा प्रसंग आला. पोरं उभी राहिली आणि मोठ्यानं मोजायला लागली. "एक! दो!" मी उठले आणि प्रोजेक्टरची वायर भिंतीतून उपटली.

"मम्मी, काय करून राहिली तू?" मुलानं मुखवटा कपाळावर सरकवला.

मला भाषण करता येत नाही. जे तोंडात आलं ते हिंदीत बोलले. "ये मेरे पिताजी हैं. कोक ओव्हन में पूरी नौकरी की इन्होंने. इनको किसी ने नाम से नहीं बुलाया. यही बोलते थे, जो तुम लोग बोल रहे हो."

एका मुलीनं मुखवटा काढून हातात घेतला. "आंटी, हम तो प्यार से बोल रहे हैं. हमको सच में पसंद हैं वो."

"प्यार से ही बोलते थे सब," मी म्हटलं.

मुलगा माझ्याजवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चल, बाहेर चल. माझी इज्जत घालवली तू." मी त्याला म्हटलं, तुझी इज्जत रबर लावून तोंडाला बांधली आहे, ती आधी काढ. आम्ही दोघं तिथंच भांडलो असतो, पण बाबा बोलले.

"वायर लाव."

"बाबा..."

"लाव म्हटलं ना. मले पूर्ण पाहू दे."

कॅफेवाल्यानं वायर लावली. बाकीच्या सिनेमात कोणी ओरडलं नाही, हसलं नाही. घोषणा बंद झाल्यावर त्या सिनेमात काहीच उरलं नाही. पोरं एकेक करून उठून गेली, मुखवटे खुर्च्यांवर टाकून. बाबा पडदा काळा होईपर्यंत बसले. दिवे लागल्यावर तीच मुलगी पुढं आली आणि तिनं त्यांना विचारलं, "दादाजी, कैसा लगा?"

"ये आदमी ज़िंदा है क्या?" बाबांनी विचारलं.

"नहीं, गुज़र गए. काफी पहले."

"अच्छा हुआ."

तिला हसावं की नाही ते कळेना. बाबा काठी शोधत म्हणाले, "इसको दूसरा काम नहीं मिलता था, तो हमारे प्लांट में भर्ती चालू थी. आ जाता."

ऑटोत मी त्यांना विचारलं, की पूर्ण पाहायची काय गरज होती.

"त्या दिवशी मैदानात मी पाहिलाच नव्हता," ते म्हणाले. "पडद्याकडं तोंड होतं, पण दिसून काई नाही राहिलं. मार खाल्ल्यावर त्याचं काय होते, ते मले माहीत नव्हतं."

"मग काय झालं?"

"काईच नाही. पुढं दाखवलाच नाही त्याले. मेला का पळाला, कोणाले पडली नाही." मग ऑटोवाल्याला त्यांनी डावीकडे वळायला सांगितलं.

मुलगा सुट्टी अर्धी टाकून रायपूरला गेला. जाताना आबाजींच्या पाया पडला, माझ्याशी बोलला नाही. पुढं फोन करायचा तोही आबाजींना. मी फोन उचलला तर म्हणायचा, "आबाजीले दे." मी देत असे. सॉरी तो म्हणाला नाही आणि मीही म्हणाले नाही. मला म्हणायचं नव्हतंच.

मग एका दुपारी त्यानं मला एक लिंक पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं, की या नटाचा हा एकच सिनेमा आहे ज्यात तो हीरो आहे, चालला नाही, कोणी पाहिला नाही, तू पाहा. बाबा आत झोपले होते. मी भांडी तशीच ठेवून फोनवर तो सिनेमा पाहिला. तो त्यात खेड्यातला हेडमास्तर होता, स्वच्छ धोतरातला, चांगला माणूस. आणि त्यात तो वाईट होता. हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं. चांगली वाक्यं पाठ करून आल्यासारखी म्हणत होता. त्याला प्रेम करायला लावलं होतं आणि तो हिरॉइनकडं मालकाकडं बघावं तसा बघत होता. मला फार बरं वाटलं. पाहून झाल्यावर मी मुलाला फोन लावला.

"रद्दी आहे," मी म्हटलं.

"काय?" तो चिडलाच. "अगं तो त्याचा बेस्ट रोल आहे! सब लिखते हैं."

"लिहू दे. त्याले चांगला माणूस करता येत नाही. हातपाय त्याचे लाकडासारखे."

"तुले अ‍ॅक्टिंग काय समजते?"

"तुझ्यापेक्षा जास्त. त्या गमछ्याच्या सीनमध्ये तुमी गप्पा मारून राहिले होते. तिथं पाहाचं होतं."

"कोणता गमछ्याचा सीन?"

"बघ. सीन कोणता तेच माहीत नाही. अन् टी-शर्ट घालते."

तो ओरडायला लागला, मीही ओरडले. इतके दिवस न बोलता साठलेलं सगळं त्या नटाच्या हातांवर निघालं. मधेच त्यानं फोन कापला, आणि थोड्या वेळानं पुन्हा केला, कारण त्यानं तो सीन काढून पाहिला होता आणि त्याचं म्हणणं होतं की हात थांबला नाही, फिल्म तिथं कापलेली आहे. मी म्हटलं, डोळे तपासून घे. आतून बाबा ओरडले, की दुपारची झोप तरी होऊ द्या माणसाची. मी फोन घेऊन अंगणात गेले आणि दार ओढून घेतलं.