मुकादमाचं टमरेल

"मी सकाळी गेलो, आता उद्या सकाळी," असं म्हणत तो हातातलं टमरेल मांडीवर आपटायचा.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता, तिथला हा मुकादम. मी प्रेसवर. ताटं-पेल्यांचे ढीग निघायचे, पण संडासला न्यायला टमरेल एकच, आणि ते याच्या ताब्यात.

मागितलं की शिवी. आत बसलं की पत्र्याच्या दारावर लोखंडी पाइप. "निघ भायेर, झोपलास काय?" दाराला नुसते पोचे. माणूस घाईने कुंथायचा, नाहीतर दाबून ठेवायचा. जायला लागू नये म्हणून कोणी पाणीच पीत नसे. दुपारी मिरचीबरोबर वडापाव, आणि परत अंधार पडेपर्यंत लाकडी स्टुलावर. निम्म्या कारखान्याला मूळव्याध होती, यात तुम्हाला नवल वाटायला नको.

गोरखपूरच्या पॉलिशवाल्याने एकदा दुसऱ्यांदा टमरेल मागितलं. "मुकादमजी, पेट खराब है." याने तेच त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, रक्त पेल्यांवर उडालं. "पेले पूस आधी," म्हणाला.

तुम्ही म्हणाल राक्षस. होताच. जवळच्या मुर्धा गावचा गडी, तरुणपणी मिठागरात मिठाच्या टोपल्या वाहिलेला. पण स्वतःही दिवसभर जायचा नाही. बसायचाही नाही, जेवायचा उभ्यानेच. आम्हाला वाटायचं, रुबाब.

एकदा मी आत होतो. माझंही रक्त पडत होतं. पाइप वाजला. मी कोणाच्या वाजवण्याने उठणारा नाही.

"खोल."

"नाय खोलत."

त्याने कडी तोडली आणि पाइप माझ्या खांद्यावर घातला. मी एका हाताने पँट धरली आणि त्याच्या पोटात लाथ घातली. तो खाली बसला आणि असा ओरडला की प्रेस थांबले. त्याची पँट मागून लाल झाली होती.

पॉलिशवाला धावत आला. वाटलं, आता हा वचपा काढणार. त्याने मुकादमाला काखेत धरून उठवलं. "अरे, इनको भी वही है," म्हणाला.

रिक्षातून मीच नेलं. डॉक्टर विचारत होता, दाबून ठेवता? जोर करता? पाणी कमी पिता? मुकादम माझ्याकडे बघून प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होता. रक्त फार गेलंय, ऑपरेशन करा, असं डॉक्टर म्हणाला.

"कारखाना कोन बघल?"

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मुकादम, करून टाका."

"लाथ मारलीस ती मारलीस, वर शिकवतोस?" मग रिक्षात चढताना म्हणाला, "तुझा पन रगत पडतं?"

"पडतं."

"पानी पीत जा मंग."

दुसऱ्या दिवशी त्याने संडासाच्या दाराशी खिळा ठोकून टमरेल लटकवलं. बाजूला प्यायच्या पाण्याचा माठ ठेवला. शिव्या चालूच होत्या, पाइप मात्र कोपऱ्यात गेला. ऑपरेशन त्याने केलंच नाही. एका दुपारी प्रेसजवळ उभ्याउभ्या कोसळला, दवाखान्यात नेला तो जिवंत परत आला नाही.

नवीन मुकादमाने पहिल्याच दिवशी टमरेल काढून स्वतःच्या टेबलाखाली ठेवलं.

मी कोपऱ्यातला पाइप उचलला आणि त्याच्यापुढे उभा राहिलो.

त्याने उठून टमरेल खिळ्याला परत लावलं.