ईरानं आज दूध मागितलं

हुश्श. मंडळी, अडीच वर्षांच्या आमच्या ईरानं आज पहिल्यांदा तोंडानं काहीतरी मागितलं.

तिला ऐकू नीट येतं. पण बोट दाखवलं की घरातलं कुणीतरी वस्तू हातात देतंच. म्हणून स्पीच थेरपिस्ट मॅडमनी बजावलेलं, "लगेच देऊ नका. मागू दे तिला."

सकाळी माझे वडील आप्पा, ईरा आणि मी दूध कट्ट्यावर, जिथं गवळी म्हशी आणून समोरच धार काढून देतात, तिथं धारोष्ण दूध प्यायला गेलो. गवळ्यानं म्हशीची धार काढून पेला भरला. ईरानं बोट केलं. आप्पा पेला द्यायला निघाले, मी त्यांचा हात धरला.

"आरं, लेकरू हाय ते," आप्पा तडकले.

दुधावरचा फेस बसायला लागला, तसा माझाही धीर सुटत चालला. तेवढ्यात ईरा ओरडली, "दे की."

आप्पांनी टोपीनं डोळे पुसले.

घरी आल्यावर माझ्या आईनं सवयीनं तिच्यापुढं बिस्कीट धरलं, तर आप्पाच म्हणाले, "थांब की. मागू दे तिला."

तुमच्याकडं लेकराच्या आधी कोण धावतं?