नर्सबाईंचा ट्रॅक्टर

गंगाबाई कुठल्याही कचेरीत गेल्या की आधी खुर्ची ओढून बसायच्या आणि मग बोलायच्या. समोरच्यानं 'बसा' म्हणायची वाट पाहायच्या नाहीत. मी एकदा त्यांना त्याबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या आईबापाची जिंदगी लोकांच्या दाराबाहेर उभं राहण्यात गेली. माझ्या वाटचं उभं राहणं त्यांनीच उरकून ठिवलंय."

जळकोटच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि मी तिथल्या शाळेत मास्तर. गावाबाहेरच्या वस्तीवर आमची घरं शेजारी. नवरा गेल्यावर त्यांनी मुलासाठी, राजेंद्रसाठी, नांदेडहून नवा ट्रॅक्टर घेतला. दुष्काळ पडला, विहीर आटली, तशी त्याच्यामागं पाण्याची टाकी जोडली. राजेंद्र लांबच्या बोअरवरून रोज पाणी आणायचा आणि त्यावरच वस्तीतल्या चुली पेटायच्या.

मग गिअरबॉक्स आवाज करू लागला. वॉरंटी अजून शिल्लक होती. बाईंनी लगेच नांदेडच्या विक्रेत्याकडे तक्रार केली. तो म्हणाला, लातूर आता वेगळा जिल्हा झालाय, तुमचं गाव तिकडच्या नव्या एजन्सीकडे गेलं. लातूरवाला म्हणाला, गाडी नांदेडची, नांदेडलाच दाखवा. या हेलपाट्यांत वॉरंटी संपली आणि लगोलग गिअरबॉक्स फुटला.

बाई मला सोबत घेऊन पुन्हा नांदेडला गेल्या. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. मुदत संपल्यावर माझ्या हातात काही नाही, एवढंच तो सांगत राहिला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, कळा सुरू झालेली बाई आमच्या दवाखान्यात आली. आमी म्हणलं, तुझं गाव आमच्याकडं न्हाई, दुसरीकडं जा. ती वाटंतच अडली, तर कसूर तिचा का? गाडीचा आजार वारंटीतलाच हाय. वस्तीवर लोकं झिऱ्याचं पाणी पिऊन राहिलेत. तुमच्या कंपनीच्या माणसाला बोलवा. त्यानं तपासून न्हाई म्हणलं, तर मी परत येणार न्हाई."

मॅनेजरनं आमच्यासमोरच औरंगाबादला फोन लावला. इंजिनिअर येईल, असं उत्तर मिळालं. कधी, ते कुणी सांगितलं नाही.

वस्तीतल्या बायका ओढ्यात झिरा उकरून गढूळ पाणी आणत होत्या. पाणी उकळा म्हणून बाई घरोघर सांगत फिरायच्या. पण उकळायला जळण कुठं होतं? हगवणीची साथ आली. शेजारच्या रुक्मिणीच्या लेकीला लागण झाली. त्या पोरीचा जन्म बाईंच्याच हातावर झालेला. तिला उदगीरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हणून दोघी फाट्यावर एसटीची वाट पाहत बसल्या. एसटी यायच्या आत पोर बाईंच्या मांडीवर थंड पडली.

त्यानंतर इंजिनिअर आला. गिअरबॉक्स उघडून त्यानं दोष कंपनीचाच असल्याचं मान्य केलं. मुदत उलटूनही कंपनीनं तो फुकट बदलून दिला. मॅनेजर बाईंना म्हणाला, "असं सहसा होत नाही. तुमचं काम झालं, बाई."

"हाव. झालं," बाई म्हणाल्या.

ट्रॅक्टर टाकी घेऊन वस्तीवर आला, तेव्हा घागरी घेऊन सगळ्या धावल्या. रुक्मिणी आली नाही. बाईंनी एक घागर भरली, स्वतः उचलून तिच्या घरी नेली. रुक्मिणी भिंतीकडे तोंड करून निजली होती.

"रुक्मे, पाणी आणलंय."

ती हलली नाही. बाईंनी घागर चुलीजवळ ठेवली आणि तिच्या पाठीशी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हाही घागर काठोकाठ होती. त्या दुष्काळात तिच्यातला एक पेलाही कुणी घेतला नव्हता.