सरांनी सुचवलेलं नाव

वीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण सरांनी कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही. शाळेच्या मागच्या अडगळीच्या खोलीत ते रोबोटचे दोन संघ चालवायचे, एक मोठ्या मुलांचा आणि एक धाकट्या मुलींचा. धाकट्या संघाची कप्तान होती त्यांची स्वतःची लेक. आता दुसरा कुणी असता तर त्याने तिला झुकतं माप दिलं असतं ना? हा माणूस उलटाच. चांगली मोटर आली की ती आधी मोठ्यांना. उगाच कुणी बोट दाखवायला नको!

पोरीने कधी कुरकुर केली नाही. उरलेल्या पट्ट्या जोडून तिने आणि तिच्या तीन मैत्रिणींनी रोबोटला असा हात बसवला, की जड खोकं अलगद वरच्या फळीवर जायचं. मोठ्यांचा रोबोट पळायला झकास, पण फळीशी आला की त्याची गाडी अडायची.

रोबोटच्या स्पर्धेत खोकी फळीवर चढवायची असतात, आणि अंतिम सामना दोन-दोन रोबोट मिळून खेळतात. पहिले आलेले संघ आपला जोडीदार निवडतात, आणि ज्याचं नाव कुणीच घेत नाही त्याने सामान बांधायचं. मोठे पहिले आले, धाकट्या अकराव्या. मोठ्यांचा कप्तान धावत सरांकडे आला. धाकट्यांनाच घेऊया, त्यांचा हात आपल्याला हवाय, असं तो म्हणाला. अहो, सरांना का ते कळत नव्हतं? पण मागच्या बाकांवर पालक बसले होते. लेकीला पुढे ढकललं, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? सरांनी चौथ्या आलेल्या परक्या शाळेचं नाव सुचवलं.

नाव पुकारलं गेलं तेव्हा पोरगी अर्धी उठली होती. ती खाली बसली आणि पाने-पकडी आवरायला लागली. तिच्या मैत्रिणी रडत होत्या, ती नाही. अंतिम सामन्यात मोठे एका खोक्याने हरले. तेही फळीवरच्याच.

सरांचं मन त्यांना खात राहिलं. घरी समजावायचं म्हणून त्यांनी तीनदा तोंड उघडलं, आणि तीनदा जेवणाचंच काहीतरी विचारलं.

सोमवारी नव्या वर्षाच्या संघाची यादी त्यांच्या टेबलावर आली. धाकट्यांची तीनच नावं होती. लेकीचं चुकून राहिलं असेल, असं समजून सरांनी पेन काढलं आणि लेकीला बोलावून घेतलं. तिने पेन त्यांच्या हातातून हळूच काढून घेतलं.

"राहू दे, बाबा. मी नसले की त्यांना जोडीला घ्याल ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानेच सर पार खचले. नाही म्हणायची त्यांना फार इच्छा झाली. पण पोरगी उत्तरासाठी थांबली होती, आणि तिच्याशी ते कधी खोटं बोलले नव्हते.

"हो," ते म्हणाले.